चौदा नंबरचं हृदय

बाबांच्या हृदयाला काहीही झालेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. झालं होतं ते माझ्या डोक्याला.

दिवाळीनंतर बालाघाटच्या शाळांची भाषणस्पर्धा झाली आणि तिच्यात मी, म्हणजे दहावीतली पुष्पलता, पहिली आले. तोपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा नीट उठत नसे, बसल्या जागी पुटपुटायची. भाषण हिंदीत होतं, विषय आरोग्य. टाळ्या पडल्या आणि मला एकदम कळलं की आपल्याला आवाज आहे. एकदा हे कळलं की माणूस तो आवाज आधी घरातल्यांवर वापरून बघतो.

त्याच सुमारास आमच्या गावात हृदय तपासायचं यंत्र यायला लागलं होतं. नागपूरचे एक डॉक्टर महिन्यातून दोन रविवार बाजाराजवळच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात बसायचे. यंत्र चामडी पेटीत असे. मनगटांना आणि घोट्यांना पट्टे बांधायचे, छातीला गार मलम फासून एक वाटी चिकटवायची, की पेटीतून कागदाची लांब पट्टी बाहेर येई आणि तिच्यावर आपलं हृदय स्वतःच्या अक्षरात काय ते लिहून देई. पट्ट्या डॉक्टर नागपूरला नेत, तिथे निवांत वाचत आणि आठवडाभरात प्रत्येकाच्या नावाचा कागद टपालानं दवाखान्यात येई.

आणि नेमके बाबा वारासिवनीच्या एका लग्नाहून आले, खुर्चीत बसले आणि छातीवर हात ठेवून त्यांनी एक मोठा ढेकर दिला.

"बाबा, डाव्या बाजूले दुखते काय?" मी विचारलं.

"दुखत नाई. वडे आहेत."

"किती दिवसांपासून?"

"दुपारपासून. सात खाल्ले."

पण भाषणात मी म्हटलं होतं की आपला समाज दुखणं लपवतो. समाज समोर खुर्चीतच बसला होता. मी त्याला सोडणार नव्हते.

बाबा, म्हणजे घनश्यामबाबू, एका सरकारी ऑफिसात बाबू आहेत. ते वाद घालत नाहीत, वेळ मागून घेतात. त्यांनी आठवडा मागितला, तेवढ्यात बातमी शेजारी पोचली. टिकारामकाका रेल्वेच्या छोट्या लाईनवर गार्ड होते, निवृत्त झाले तरी शिट्टी उशाशी ठेवून झोपतात. ते म्हणाले, "करंट लावतेत म्हने. मानसाच्या आंगात करंट सोडाचा म्हंजे काई साधी गोष्ट नाई, घनश्याम. सिग्नल पडला तं उचलन कोन?" समोरच्या दुर्गाबाईंचं मत वेगळं होतं. "उपाशी न्याजा त्याईले," त्यांनी आईला बजावलं, "भरल्या पोटी हृदय दिसत नाई, मांगं लपते." आईनं ते मनावर घेतलं. रविवारी बाबा उपाशीपोटी, इस्त्रीचा सदरा घालून, पाय ओढत आमच्या मागून निघाले. एका हातात छत्री. डिसेंबरात.

दवाखान्याच्या ओसरीवर ही गर्दी. खैरलांजी, परसवाडा, कुठून कुठून माणसं आलेली. टेबलाशी कंपाउंडर दुलीचंदजी बसले होते. त्यांची पद्धत अशी: पुरुषाच्या हातात नंबराची चिठ्ठी द्यायची आणि त्याला थेट आत पाठवायचं, सदरा काढून लोळायला. कागदोपत्री काम बाहेर बायकोकडून करून घ्यायचं. रजिस्टरात नंबरापुढे नाव, गाव, वय. पट्टीवर मात्र फक्त नंबर. पद्धत उत्तम होती. एकच अडचण, आमच्याकडच्या बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत.

"मरीज का नाम?" दुलीचंदजी विचारत.

बाई पदर दातात धरून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघे.

"अरे बाई, नाम बोलो, नाम."

"आमच्या घरचे."

"घरचे तर समदेच घरचे आहेत."

नऊ नंबरला अर्धा तास गेला. ओसरीवर कुणी खोकत होतं, कुणी छाती चोळत होतं. आणि मी उभी राहिले. कुणी बोलावलं नव्हतं.

"काकी," मी भाषणाच्या आवाजात म्हटलं, "तुम्ही सरळ नाव घेऊ नका. उखाण्यात घ्या."

दुलीचंदजींनी माझ्याकडे बघितलं, मग गर्दीकडे, आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. "ले बेटी, तूच संभाल. मी आत पट्टे बांधतो."

नऊ नंबरच्या काकींनी डोक्यावरचा पदर सारखा केला, घसा साफ केला आणि म्हणाल्या:

"चिन्नोरच्या भाताले वरनाची धार,
हिरालालले धाप लागते पायऱ्या चढता चार."

मी लिहिलं: हिरालाल. बाया हसल्या, टाळ्या पडल्या. दहा नंबर तर स्वतः पुढे आली. तिच्या बाबूलालसाठी तिनं वैनगंगा, मासोळी आणि हळदीचा पितळी करंडा असं सगळं एका दमात आणलं. मग चढाओढ लागली. ज्यांचा नंबर होऊन गेला होता त्या परत आल्या, आधीचं छोटं झालं म्हणून. रस्त्यानं जाणारी माणसं थांबली. कुणीतरी म्हणालं, कोनाचं लगन आहे वो इथं. मी टेबलाशी बसून एकेकीला हातानं खूण करत होते, तुम्ही, आता तुम्ही, थोडं मोठ्यानं. माझ्या उभ्या आयुष्यात मी इतकी खूश झाले नव्हते.

मग चौदा नंबर आला. बाबा छत्री घेऊन आत गेले आणि टेबलासमोर आई उभी राहिली.

आता, मला माझ्या बाबांचं नाव ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे? लिहायचं होतं: घनश्याम, बालाघाट, वय सत्तेचाळीस. संपलं असतं. पण ओसरीभर बाया बघत होत्या आणि मला वाटलं, माझीच आई चुकवून गेली तर माझी काय शोभा राहील?

"घे न आई," मी म्हटलं.

"लिह्य न पोरी. तुले मालूम आहे."

"नाही. नियम तो नियम."

आई लाल झाली. तिला काही सुचेना. ती विचार करत उभी राहिली आणि तेवढ्यात मागून एक उंच, वाळकी बाई पुढे आली. खैरलांजीकडची, मैनाबाई नावाची. पंधरा नंबरचा तिचा नवरा आत गेला होता. तिनं कुणी सांगायची वाट बघितली नाही. माझ्याकडे बघून ती म्हणाली:

"एवढ्या मानसांत मी कसं सांगू,
छातीत कळ घेऊन बसले आमचे महागू."

काय टाळ्या पडल्या. मी सगळ्यांत जोरात वाजवल्या. आणि टाळ्या वाजवून झाल्यावर जी ओळ मोकळी दिसली तिच्यावर लिहिलं: महागू, खैरलांजी, वय पन्नास. ओळ चौदा नंबरची होती. मग आईला सुचलं.

"फायलीवर फायली, कामावर काम,
घरी आल्यावर तरी हसा की घनश्याम."

ओसरी हसून लोळली. आईसुद्धा हसली, तोंडावर पदर धरून. आणि मी पंधराच्या ओळीवर माझ्या बाबांचं नाव लिहिलं, सुंदर अक्षरात, खाली एक रेघ मारून.

सहा दिवसांनी दवाखान्यात टपाल आलं आणि मी धावत जाऊन कागद घरी आणला. बाबांच्या नावाचा कागद इंग्रजीत टाईप केलेला होता. मी तो अंगणात उभी राहून वाचला आणि मराठीत सांगितला: हृदयाला रक्त कमी पडतं. पूर्ण विश्रांती. जिना नाही, सायकल नाही, ओझं नाही. मीठ बंद. पुढच्या रविवारी डॉक्टरांना समक्ष भेटणे.

आई उंबऱ्यावर मटकन बसली. बाबा म्हणाले, "पन मले तं काई वाटत नाई."

"तसंच असते," दुर्गाबाई म्हणाल्या. "ज्याले वाटते तो वाचते."

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण भीतीच्या शेजारी दुसरंही काहीतरी बसलं होतं, आणि ते काय होतं हे लिहिताना माझे कान तापतात. मला वाटलं, बघा, मी सांगितलं नव्हतं?

बाबांना खाटेवर घातलं. हालहवाल विचारायला माणसं येऊ लागली. येताना प्रत्येकजण एक औषध आणि एक मेलेला माणूस घेऊन येई. अर्जुनाची साल, लसणाच्या पाकळ्या, आणि कुणाचा तरी मामा जो असाच ढेकर देता देता गेला. टिकारामकाका उशाशी बसून बाबांची नाडी शिट्टीच्या दोरीला लावलेल्या घड्याळावर मोजत आणि दर पंधरा मिनिटांनी "राईट टाइम" म्हणत. बाबांना अळणी वरण मिळे आणि पाहुण्यांना चहा-चिवडा. ते चिवड्याकडे असे बघत की मी ताट आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

रजेचं तर विचारूच नका. ऑफिसनं कळवलं की लांबची रजा हवी तर अर्जदारानं साहेबांसमोर येऊन सही करावी. साहेब माडीवर बसतात. जिना चढता येत नाही अशा अर्जावर सही करायला जिना चढायचा होता. शेवटी चार चपराशांनी बाबांना खुर्चीसकट वर नेलं. सगळं ऑफिस जिन्याच्या दोन्ही बाजूंना उभं. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. वीस वर्षं ज्या जिन्यानं ते वेळेवर चढले त्याच जिन्यानं ते देवाच्या पालखीसारखे गेले, आणि उतरताना एका चपराशालाच धाप लागली. त्याला पाणी द्यायला बाबा खुर्चीतून उठले, तर चौघे ओरडले, बसा, बसा.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

बुधवारी त्यांनी फाईल मागितली. बाबा कुठलाही कागद फेकत नाहीत. हृदयाचीही त्यांनी फाईल केली होती, वर नाव घालून. ती चाळता चाळता त्यांनी मला हाक मारली.

"पुष्पा, या कागदावर नंबर पंधरा लिवला आहे."

"हौ."

"अन माही चिठ्ठी चौदा नंबरची आहे. यात तफावत दिसते."

चिठ्ठी टाचणीनं लावलेली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि त्याच क्षणी मला सगळं कळलं. टाळ्या, मोकळी ओळ, वाळकी उंच बाई. बाबा ठणठणीत होते. आणि छातीत कळ घेऊन बसलेल्या माणसाला कागद गेला होता की तू ठणठणीत आहेस, खुशाल काम कर. त्याच्या बायकोनं भर ओसरीत सगळं निदान सांगितलं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

"टाईप करणाऱ्याची चूक असेल," मी म्हटलं.

का म्हटलं? कारण गुरुवारी शाळेत प्रार्थनेच्या वेळी मोठ्या बाईंच्या हातून मला पेन मिळणार होतं. दवाखान्यात रुग्णसेवा केल्याबद्दल. दुलीचंदजींनीच शाळेत कळवलं होतं. मी स्वतःला सांगितलं की एका दिवसानं काय होतं. मी ते पेन घेतलं. पाचशे मुली टाळ्या वाजवत होत्या आणि प्रत्येक टाळीला मला खैरलांजीचा तो माणूस, ज्याचं तोंडही मी पाहिलं नव्हतं, कुठेतरी काहीतरी उचलताना दिसत होता. पेन मुठीत घामानं भिजलं. मधल्या सुटीत मी दप्तर घेऊन घरी पळाले.

बाबांच्या खाटेशी उभी राहून सगळं सांगितलं. टेबलापासून पेनापर्यंत. टिकारामकाका हजर होते, तरी सांगितलं. काकांनी घड्याळ खिशात ठेवलं.

मला वाटलं बाबा रागावतील. मला ते हवंच होतं. त्यांनी पांघरुणाची घडी केली, उशी जागेवर ठेवली आणि विचारलं, "त्या मानसाचं नाव काय?"

"महागू."

"काल तुले मालूम होतं?"

"हौ."

बाबा दाराशी जाऊन जोडे घालू लागले. खैरलांजीकडची शेवटची गाडी निघून गेली होती, म्हणून शुक्रवारी पहाटेच्या पहिल्या मोटारीत आम्ही बसलो. बाबा खिडकीशी, मी शेजारी. वारासिवनी मागे टाकून खैरलांजीला उतरलो आणि विचारत विचारत मैनाबाईच्या दारात गेलो. ती अंगण सारवत होती. मला बघून तिचं तोंड उजळलं.

"अवो, ह्या तं उखान्यावाल्या बाई. या, या. बसा."

"महागूजी कुठं आहेत?" बाबांनी विचारलं.

"वारासिवनीले. राईस मिलवर पोती वाह्याले गेले. दोन महिने घरीच होते, छाती दुखते म्हनत. कागद आला तं मीच म्हनलं, आता काहून बसले? डाक्टरनं लिवून देल्लं, तुमाले काई नाई. आळसाचं दुखनं आहे तुमचं." ती हसली. "सोमवारपासून धाडलं."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मलाच सांगावं लागणार होतं. मी सांगितलं, पण कसं ते आठवत नाही. एवढंच आठवतं की शेणाचा हात तसाच धरून ती ऐकत होती, आणि मग तिनं हात धुतले नाहीत, दार लावलं नाही, आमच्या पुढे चालायला लागली.

मोटारीनं परत वारासिवनीला आलो. मिलमध्ये यंत्राची घरघर अशी की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. अंगणात ट्रक उभा होता आणि ट्रकला फळी लावलेली. हमाल पाठीवर पोती घेऊन रांगेनं त्या फळीवरून चढत होते. मैनाबाईनं बोट दाखवलं. तिसरा माणूस. ठेंगणा, डोक्याला लाल फडकं. फळीच्या पायथ्याशी तो क्षणभर थांबला, एक हात गुडघ्यावर टेकला आणि मग चढू लागला.

"अवो," मैनाबाई ओरडली, "अवो, आयका न."

तिथल्या चाळीस हमालांच्या बायका त्यांना अवोच म्हणत असणार. दोघांनी वळून बघितलं, दोघंही भलतेच. बाबांनी "महागूजी, महागूजी" म्हणून पाहिलं, पण त्यांचा आवाज ऑफिसातला. आणि माझा? पहिल्या नंबराचा, पाचशे मुलींनी ऐकलेला? तोंड उघडलं आणि काही बाहेरच आलं नाही. मी तिथे नुसती उभी होते.

मैनाबाईनं डोक्यावरचा पदर मागे टाकला.

"महागू!" ती ओरडली. "अरे महागू, टाक ते खाली!"

फळीवरची रांग जागीच थांबली. पोतं सरकलं, फळीवरून गडगडत खाली आलं आणि फुटलं. महागू रिकाम्या पाठीनं वळला आणि बायकोकडे बघत राहिला. मग सांभाळून खाली उतरला. हमाल हसत होते. तो आमच्याजवळ आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता, आणि ओठ त्याहून काळपट. पण त्याच्या डोक्यात वेगळंच होतं.

"बावरी झाली काय तू?" तो हळूच म्हणाला. "चार मानसांत नाव घेते. आता मी इथं तोंड कसं दाखवू?"

मैनाबाईनं त्याला हाताला धरून भिंतीच्या सावलीत बसवलं आणि पदरानं वारा घालू लागली. बाबा पाणी आणायला धावले. मी सांडलेलं धान भरू लागले. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला कुठेतरी खाली बघायचं होतं.

रविवारी डॉक्टरांनी महागूंना तपासलं आणि स्वतःबरोबर नागपूरला नेलं. मला आत बोलावून त्यांनी रजिस्टर पुढे केलं आणि एवढंच म्हणाले, दुरुस्त करा. मी लाल शाईनं दोन नावं खोडली, दोन लिहिली आणि खाली सही केली. दुलीचंदजी बाजूला उभे होते. तेही खाली बघत होते. मोठ्या बाईंना पेन परत द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, वाजलेल्या टाळ्या परत घेता येत नाहीत, ठेव. ते माझ्या दप्तरात आहे. मी त्यानं लिहीत नाही. बाबांच्या ऑफिसात चपराशी अजूनही त्यांना जिन्याशी विचारतात, खुर्ची आणू काय बाबूजी.

महागू तीन आठवड्यांनी परत आले. गोळ्या रोजच्या, ओझं कायमचं बंद. मिलच्या मुनिमानं त्यांना फाटकावर बसायचं काम दिलं.

आणि संक्रांतीनंतर एका दुपारी मैनाबाई आमच्या दारात उभी. काखेत पिशवी, तिच्यात नवा चिन्नोर तांदूळ.

"पोरीसाठी आनला," ती आईला म्हणाली. "धावत आली म्हनून वाचले ते."

आईनं माझ्याकडे बघितलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. "मावशी, मी सांगितलं होतं न तुम्हाला," मी म्हटलं. "माझ्यामुळेच तर झालं ते. आणि मला कळल्यावरसुद्धा मी एक दिवस गप्प बसले."

"आयकलं न मी. बहिरी आहे काय?" ती खाली बसली, पिशवीचं तोंड सोडलं. "तू एक दिवस गप्प बसली. मी त्याईले आळशी म्हनलं, अन डब्बा बांधून धाडलं. पाच दिवस डब्बा बांधला. त्यात एक दिवस तं हासतबी होती."

आईनं त्याच तांदळाचा भात शिजवला. घरभर वास सुटला. बाबांनी ऑफिसातून आल्याबरोबर मीठ मागितलं आणि ते जेवून उठले, तरी मी पहिल्याच घासाशी बसले होते. मैनाबाई शेजारच्या पाटावर.

"खाय," ती म्हणाली. "मलेबी घास उतरत नाई. पन घरी त्याईच्या समोर खावंच लागते, नाईतं ते बी जेवन टाकतेत."

मग आम्ही दोघी खाली मान घालून जेवलो. आई भाताचं पातेलं घेऊन परत आली, तेव्हा दोघींनीही एकदमच ताटावर हात आडवा धरला.